न लागलेला लाल दिवा

१

गुरुवार, संध्याकाळी सात वाजून वीस मिनिटे. पेठहून नाशिककडे येणारी एक पांढरी अ‍ॅम्बॅसॅडर सावळघाटात बंद पडली. आधी पुढचे दिवे पिवळे झाले, मग इंजिनाने दोन-तीन आचके दिले आणि गाडी डोंगराच्या कडेला लागली.

मागच्या सीटवर रावजी होते, वय एकसष्ट. करंजाळी सोडल्यापासून त्यांच्या छातीत दुखत होतं. त्यांच्याशेजारी पुतणी छाया, पेठच्या शाळेत शिक्षिका. गाडी चालवत होता सहादू, वय एकतीस. त्याने किल्ली फिरवली तर नुसतं 'टक' झालं. त्याने आणि छायाने धक्का देऊन गाडी उताराला सोडली, तरी इंजिन उठलं नाही.

आठ वाजून चाळीस मिनिटांनी एक भरलेली जीप थांबली. चार प्रवाशांनी उतरून जागा दिली. नाशिकला पोहोचेपर्यंत रावजी गेले होते. डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणलं असतं तर कदाचित वाचले असते. दुसऱ्या दिवशी हे वाक्य भावकीत फिरू लागलं तेव्हा त्यातला 'कदाचित' गळून पडला होता.

साल १९९६. दसरा होऊन चार दिवस झाले होते.

गाडी रावजींचे धाकटे भाऊ, म्हणजे छायाचे वडील, खंडेराव यांची. मखमलाबाद शिवारात त्यांचा मळा आहे, झेंडू आणि भाजीपाल्याचा. शुक्रवारी संध्याकाळी मळ्यात भावकी बसली आणि ठरलं की दहाव्यानंतर सहादूविरुद्ध पोलिसात तक्रार द्यायची. गाडीची हयगय करून माणूस मारला, असा आरोप. मळ्यातली खोलीही त्याने आणि त्याच्या बायकोने सोडायची. खंडेरावांनी एवढंच म्हटलं की त्याआधी गाडी जाणत्या माणसाला दाखवू.

जाणता माणूस म्हणजे मल्हारी. पंचवटीत पेठ रोडला त्याचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. शनिवारी सकाळी दहा वाजता ट्रॅक्टरने ओढत गाडी तिथे आणली. स्टेअरिंगवर सहादूच होता. उतरल्यावर त्याने मल्हारीकडे बघितलं नाही. मल्हारीनेही त्याच्याकडे बघितलं नाही. त्याला कारण होतं, आणि ते त्या दोघांनाच माहीत होतं.

२

मल्हारीने बावीस वर्षं एका सरकारी वर्कशॉपात इलेक्ट्रिक खात्यात काढली होती. तिथून आणलेला त्याचा एक नियम होता. आधी माणसांना विचारायचं, मग बॉनेट उघडायचं. गाडी एकदा उघडली की माणसं गाडीला साजेल असं बोलू लागतात, असं तो म्हणे.

बॅटरी तेवढी, आत दुसऱ्या कशाकडे न बघता, त्याने काढून चार्जिंगला लावली आणि सायकल काढली.

खंडेराव विहिरीजवळ बसले होते. डोकं भादरलेलं. रावजींना मूलबाळ नव्हतं, अग्नी यांनीच दिला होता. समोर फवारणीचा पंप उघडून पडला होता. सुतकात काम करायचं नसतं, पण हात रिकामे ठेवणं त्यांना जमत नव्हतं. पंपाची चकती गळत होती. सायकलच्या जुन्या ट्यूबवर त्यांनी पंचवीस पैशांचं नाणं ठेवलं आणि कात्रीने त्याच्याभोवती अगदी गोल कापलं.

"मिस्त्री, डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा लागला असंल आन् त्यानं बघितलाच नसंल," ते म्हणाले. "गप्पा हाणत बसला असंल."

"गाडीला हात कोण कोण लावतं, भाऊ?"

"चालवतो तो. बाकी समदं मी. दसऱ्याला बॉनेट उघडून आतून आरसा केला व्हता गाडीचा. अवजाराला दुसऱ्याचा हात मी लागू देत नाय. आमच्या आज्यापासनं हाय ते."

"डायनामो?"

"तो चिमाजीनं बांधला, श्रावणात. आता त्यालाबी विचार की."

छाया घरात होती. ती सावकाश, एकेक गोष्ट आठवून बोलली.

"मी पुढच्या दोन सीटांच्या मधून वाकून काट्याकडे बघत होते, किती वेगाने चाललोय ते. लाल दिवा नव्हता, मिस्त्री. रावजीतात्यांच्या अंगावर हात ठेवून सांगितलं असतं, नव्हता."

"दिवे पिवळे झाले तेव्हाही नाही?"

"तेव्हाही नाही."

"पेठला गाडीत बसलात तेव्हा किल्ली लावताना बघितलं का?"

तिने डोळे मिटले. "सहादूने किल्ली लावली. तात्या म्हणाले थांब, माझी पिशवी राहिली. तो किल्ली तशीच ठेवून आत गेला, पिशवी घेऊन आला आणि मग स्टार्ट केली."

"म्हणजे किल्ली लागलेली, इंजिन बंद."

"हो. चांगली दोन मिनिटं."

"आणि लाल दिवा?"

छायाने डोळे उघडले. "नव्हता. का? तेव्हा लागायला हवा होता?"

"बघून सांगतो," म्हणत मल्हारी उठला.

३

जुन्या गाडीतला विजेचा रस्ता सरळ असतो. इंजिनाच्या पट्ट्यावर डायनामो फिरतो आणि वीज तयार करतो. ती कटआउट नावाच्या पत्र्याच्या डबीतून बॅटरीत जाते. ही डबी म्हणजे राखणदार. डायनामो पुरेसा फिरला की ती दार उघडते, जास्त जोर करू लागला की लगाम खेचते. लाल दिवा किल्ली लावल्यावर लागतो आणि इंजिन चालू होऊन डायनामो कामाला लागला की विझतो. चालत्या गाडीत तो लागला तर डायनामो काम करत नाही, असं समजायचं.

तेव्हा संशयित चार होते: पट्टा, डायनामो, डबी आणि बॅटरी. पाचवा सहादू.

चिमाजी आर्मेचर बांधणारा, म्हणजे डायनामोतल्या तारांची गुंडाळी नव्याने करणारा. त्याचं दुकान मल्हारीच्या दुकानापासून हाकेवर. शनिवारी दुपारी तो बोलावण्याआधीच आला.

"माझं वाइंडिंग जळालेलं निघालं तर मी पंचवटीत तोंड दाखवणार नाही," तो म्हणाला.

"आत्ता तरी कोण बघतंय तुझं तोंड?"

"मल्हारी, चेष्टा नको. गावात माझंही नाव घेतायत. आणि तू आज एवढा गप्प का? नेहमी गाडीशी बोलत असतोस."

मल्हारी पट्टा अंगठ्याने दाबून बघत होता. जेवढा दबायला हवा तेवढाच दबला. एक संशयित गळाला.

रविवारी संध्याकाळी बॅटरी पूर्ण भरली. ती त्याने मुद्दाम रात्रभर तशीच ठेवली. सोमवारी सकाळी नऊला मोजली तर कणभरही उतरली नव्हती. बॅटरी चार महिन्यांची होती आणि धडधाकट होती. दुसरा गळाला.

मग ती गाडीत बसवून त्याने किल्ली लावली. लाल दिवा लागला नाही.

त्याने डॅशबोर्डमागे हात घालून दिव्याचा बल्ब काढला आणि उजेडात धरला. काच आतून काळी पडली होती. तार तुटली नव्हती, वितळली होती. दोन टोकांना बारीक गोळे झाले होते.

"म्हातारा होऊन गेलाय बल्ब," चिमाजी म्हणाला.

"म्हातारा बल्ब शांतपणे जातो. याला कुणीतरी मारलंय."

नवा बल्ब बसवला. किल्ली लावली, दिवा लागला. म्हणजे सहादूला दिवा दिसला नाही तो तिथे नव्हताच म्हणून. पाचवा संशयितही सुटला.

पण बारा व्होल्टच्या गाडीत बारा व्होल्टचा बल्ब कुणी मारला?

४

सोमवार, सकाळी अकरा दहा. इंजिन चालू झालं. मल्हारीने मीटर बॅटरीवर धरला. काटा वर यायला हवा होता, तो सावकाश खाली चालला होता. बॅटरीला काहीच मिळत नव्हतं.

त्याने मीटर डायनामोच्या वायरवर नेला. "रेस दे."

चिमाजीने रेस दिली. काटा चौदावर गेला. अठरावर. बावीसवर.

"अरे थांब, थांब!"

चिमाजीने पाय काढला आणि टाळी वाजवली. "बघ! माझा डायनामो आजारी नाही. पैलवान आहे!"

"तोच तर घोटाळा आहे. लगाम नाही त्याला. यानेच दिवा जाळला."

इथे सगळे तुकडे जुळले. डायनामो वीज करत होता, गरजेपेक्षा जास्त. पण ती बॅटरीत जात नव्हती. डबी दारही उघडत नव्हती आणि लगामही खेचत नव्हती. दोन्ही कामं ती एकाच कारणाने सोडून देते. तिच्या पत्र्याचा गाडीच्या पत्र्याशी संबंध तुटला की. डबी गाडीच्या पत्र्याला दोन स्क्रूंनी बसते आणि तिची परतीची वाट तिथूनच जाते. पत्र्याला पत्रा टेकला नाही तर आतली गुंडाळी मेलेली.

मल्हारीने वायरचा वीतभर तुकडा घेतला. एक टोक इंजिनाला धरलं, दुसरं डबीच्या पत्र्याला टेकवलं.

टक्. डबी जागी झाली. काटा चौदावर येऊन स्थिर झाला. वायर काढली की पुन्हा बावीस. टेकवली, चौदा.

इंजिन बंद करून त्याने दोन्ही स्क्रू काढले. डबीमागची भिंत ताज्या पांढऱ्या रंगाने चमकत होती. रंगावर ओरखडा येऊ नये म्हणून डबीखाली काळ्या रबराचा चौकोन घातला होता, सायकलच्या ट्यूबचा. आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्याखाली रबराचीच एक चकती. अगदी गोल, पंचवीस पैशांच्या नाण्याएवढी.

कुणीतरी ही डबी फार मायेने बसवली होती. पाण्याच्या पंपाला गळती लागू नये म्हणून बसवतात तशी.

"ही कापणी कुणाची?" चिमाजी वाकला.

मल्हारीने चकत्या खिशात टाकल्या.

"मिळालं ना? सांग ना कोण ते."

"अजून दोन तपासण्या बाकी आहेत."

"कसल्या?"

मल्हारी हात पुसत राहिला. तपासणी एकही बाकी नव्हती.

५

मंगळवारी दुपारी चार वाजता सहादू चालत दुकानात आला. बाहेरच उभा राहिला.

"आत ये," मल्हारी म्हणाला.

"नको काका. बायको वाट बघती. समजलं का काय?"

"बघतोय."

"मला सारखं वाटतं, माजंच काहीतरी चुकलं. दिवे लावले नसते तर बॅटरी पुरली असती. करंजाळीलाच दुसरी गाडी बघितली असती तर… रावजी मालक म्हणले व्हते पाणी पाज थांबून, त्यात धा मिनटं गेली." तो बोटं मोजत असल्यासारखा बोलत होता. "तुमाला काय वाटतं?"

"गाडीत अंधारात दिवे लावावेच लागतात, सहादू."

"आन् त्या मंगळवारचं," तो आवाज उतरवून म्हणाला, "त्याची काळजी करू नका. मी तुमचं नाव घेतलं नाय. कुनाजवळच नाय."

तो गेला. मल्हारी स्टुलावरून उठला नाही.

त्या मंगळवारचं असं होतं. दसऱ्याला मल्हारी दरवर्षी नागपूरला, दीक्षाभूमीवर जात असे. यंदाही गेला होता. सोमवारची रात्र रेल्वेत उभ्याने काढून मंगळवारी सकाळी त्याने दुकान उघडलं तेव्हा दारात नऊ गाड्या होत्या. दसऱ्याआधी धुतलेल्या, पाणी शिरलेल्या. दहाव्या नंबरला सहादू अ‍ॅम्बॅसॅडर घेऊन आला.

"काका, सकाळी सेल्फ जड घेतो."

मल्हारीने मान वर न करता विचारलं, "लाल दिवा लागतो का?"

"नाय."

"मग डायनामो बरा आहे. बॅटरीत पाणी घाल, सोमवारी ये."

गाडी दुकानासमोर होती. स्टुलापासून तीन पावलांवर. उठून किल्ली फिरवली असती तर न लागलेला दिवा त्याला दिसला असता. नवशिक्याला पहिल्या दिवशी तो हेच शिकवत असे. दिवा विझलेला आहे यावर विश्वास ठेवू नको, आधी तो लागतो का ते बघ.

सहादूने घरी जाऊन बॅटरीत पाणी घातलं. दोन दिवसांनी तो पेठला गेला.

६

पुढचे तीन दिवस मल्हारीने काय केलं, याची नोंद थोडक्यात करता येते.

बुधवारी तो सांगायचं ठरवून मळ्यात गेला. खंडेराव रावजींच्या रिकाम्या खाटेजवळ बसून तिचं सुंभ ताणत होते. मल्हारीने गाडीच्या चाकांची हवा विचारली आणि परत आला. गुरुवारी गेला नाही. शुक्रवारी चिमाजी दुकानात येऊन भांडला.

"तुला सोमवारपासून माहीत आहे. मला डोळे आहेत. त्या चकत्या मीही पाहिल्यात, आणि खंडेरावांचा पंपही पाहिलाय. कुणाला वाचवतोयस?"

"त्यांनी सख्ख्या भावाला अग्नी दिलाय, चिमाजी. त्यांना जाऊन सांगू, तुमच्याच हाताने…?"

"आणि सहादूच्या हाताने झालं, असं गाव म्हणतंय ते चालतं? का तो सुरगाण्याचा, त्याच्या बाजूने बोलायला कोणी नाही म्हणून?"

मल्हारी म्हणाला, "फक्त त्यांचं असतं तर मी सोमवारीच सांगितलं असतं."

चिमाजीला त्याचा अर्थ लागला नाही. तो चिडून निघून गेला.

शनिवारी रामकुंडावर दहावा झाला. सव्वाअकराला भावकी पांगू लागली तेव्हा मल्हारी पायऱ्या उतरून खंडेरावांजवळ गेला. छाया तिथेच होती. त्याने खिशातून दोन चकत्या काढून त्यांच्या तळहातावर ठेवल्या.

खंडेरावांना ओळखायला वेळ लागला नाही.

"ह्या माझ्याच हायेत," ते म्हणाले. "कुठं व्हत्या?"

मल्हारीने सांगितलं. डबी, रंग, रबर, जळालेला दिवा. आवाज न चढवता, एकही गोष्ट न गाळता. मधेच एक चुलतभाऊ म्हणाला, "म्हंजी ड्रायव्हरची चूक नाय म्हन की."

"रंग निघू नये म्हणून घातलं व्हतं," खंडेराव म्हणाले. "दुसरं काय नाय. रंग निघू नये म्हणून."

"भाऊ, अजून आहे. त्या आधीच्या मंगळवारी सहादू गाडी घेऊन माझ्याकडे आला होता. मी उठलो नाही. उठलो असतो तर पाच मिनिटांत सापडलं असतं. तुम्हाला यातलं माहीत असायचं कारण नव्हतं. मला होतं. त्याने माझं नाव कुणाला सांगितलं नाही."

छायाने बापाचा दंड धरला. खंडेराव मल्हारीच्या तोंडाकडे बघत होते.

"हे तुला कळलं कधी?"

"सोमवारी."

"आज शनवार हाय."

खंडेरावांनी चकत्या मुठीत घेतल्या.

"चल," खंडेराव म्हणाले. "त्याला सांगू. आत्ता."

७

मळ्यातली खोली उघडी होती. आत काही नव्हतं. चूल सारवून ठेवलेली. फुलं तोडणाऱ्या बाईने सांगितलं की सहादू आणि त्याची बायको सुवर्णा काल पहाटे गेले, दोन बोचकी घेऊन. सुवर्णा म्हणत होती की दहाव्यानंतर पोलीस येणार आहेत.

तक्रार दिली गेली नाही. भावकीने तो विषय पुन्हा काढला नाही. डबी मल्हारीने पत्रा खरवडून, रबराशिवाय बसवली आणि गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली.

तीच गाडी घेऊन मल्हारी आणि खंडेराव पुढच्या बुधवारी सुरगाण्याला गेले. सहादूच्या पाड्यावर त्याची आई भाताच्या खळ्यावर भेटली. गाडी ओळखून ती दारात जाऊन उभी राहिली.

"तो नाय इथं," ती म्हणाली.

"आई, आम्ही त्याला न्यायला आलोय. त्याची काही चूक नाही, एवढं सांगायला," मल्हारी म्हणाला.

"असंच म्हणतात समदे, न्यायला आल्यावर."

खंडेरावांनी हात जोडले. चूक माझी हाय, असं ते तीन वेळा म्हणाले. म्हातारीने ऐकून घेतलं. मुलगा आणि सून गुजरातकडे मजुरीला गेलेत, कुठल्या गावाला ते सांगून गेले नाहीत, असं तिने सांगितलं. ते खरं होतं की नाही, हे दोघांनाही ठरवता आलं नाही. पुढच्या पावसाळ्यात मल्हारी एकटा गेला तेव्हा म्हातारी वारली होती आणि घराला कडी होती.

त्यानंतर तो दर दसऱ्याला नागपूरहून परतला की एक दिवस सुरगाण्याच्या जीप स्टँडवर जातो आणि ड्रायव्हर लोकांना विचारतो. छायाने एका कागदावर सगळी हकिकत लिहून दिली आहे, खाली खंडेरावांचा अंगठा आणि मल्हारीची सही. त्याच्या प्रती त्याने चार जीपवाल्यांजवळ ठेवल्या आहेत.

शेवटची खबर फेब्रुवारी २००३ ची. त्या चौघांपैकी मंगळू नावाचा जीपवाला कामासाठी नाशिकला आला होता, तो दुकानावर थांबला. धरमपूरच्या रस्त्यावर सहादू त्याच्या जीपमध्ये बसला होता, असं त्याने सांगितलं. दाढी पांढरी झालेली, बरोबर एक मुलगी. पुढे जागा होती तरी तो मागे बसला. ओळख पटली तसं मंगळूने वळून सांगितलं, "तुला नाशिकचा एक मिस्त्री सहा-सात वर्षं शोधतोय. कागद आहे माझ्याजवळ, तुझ्यासाठी."

"मग?" मल्हारीने विचारलं.

"त्यानं विचारलं, मिस्त्रीसोबत पोलीस असतात का. मी म्हटलं, नाय बाबा, कागद तर वाच. कागद काढायला मी पुढ्यातला डबा उघडला, तर त्यानं जीप थांबवायला सांगितली. भाडं पुढच्या गावापर्यंतचं दिलं व्हतं. पोरीचा हात धरून तिथंच रानात उतरला."